दोघं मिळून चढलो तर

३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे ते आधी कळव, बाकीचं नंतर. जिना दिवसातून एकदाच उतरायचा असं डॉक्टरांनी बजावलंय आणि तू टपालपेटी बघायला दोनदा खाली जातेस, हे मला न सांगता कळतं. म्हणून हे पत्र जाड करतेय. निदान फेरी फुकट जायला नको.

मी मजेत. सर्दी तेवढी हटत नाही, उजव्या कानाला दडा बसलाय. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. तुमच्याकडची लाइनच अशी झालीय की तुझं निम्मं बोलणं पोचत नाही. मी आपली ‘हो हो’ म्हणते आणि तू म्हणतेस, ‘अगं हो काय, मी विचारलं काय!’ त्यापेक्षा पत्र बरं.

अल्बमचं काम संपत आलं. भावोजींनी सांगितलं असेलच म्हणा, पण त्यांचं सांगणं म्हणजे ‘झालं, बरं झालं.’ तेव्हा मीच सांगते. रेकॉर्डिंगची खोली पूर्वी छापखाना होती. फरशीवर अजून शाईचे डाग आहेत आणि चारही भिंतींना जाड करडे पडदे. मधोमध आम्ही दोघं, त्यांचा टेनर सॅक्सोफोन आणि माझा आल्टो. ड्रम नाही, बास नाही, काही नाही. आठ तुकडे, त्यातले सात नुसते आम्हा दोघांचे. फक्त शेवटच्या आठव्याला पियानो. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या नाचाला आणि दुसऱ्यांच्या जेवणाला वाजवलं, आता पहिल्यांदा लोक नुसतं आमचं ऐकणार.

आणि त्यात भावोजींचा नियम! एक तुकडा एका दमात. जोडकाम नाही. शेवटच्या सुराला शिंक आली तरी पुन्हा पहिल्यापासून. रेकॉर्डिंगवाल्या बाई आहेत, त्यांना आम्ही ‘कात्री’ म्हणतो, कारण त्या बोलायला लागल्या की समोरच्याचे दोन तुकडे होतात. त्यासुद्धा पहिल्या दिवशी म्हणाल्या, ‘जोडलेलं कुणाला कळत नाही हो.’ भावोजी म्हणाले, ‘आम्हाला कळतं.’ झालं, विषय संपला.

तुझ्या नवऱ्याची एक गंमत सांगते. सॅक्सोफोनचं माउथपीस ज्या कॉर्कवर बसतं ना, तिथे ते हल्ली पेन्सिलीने रेघा मारतात. प्रत्येक तुकड्याला नवी रेघ, आधीपेक्षा आत. माउथपीस जितकं आत ढकलावं तितका सूर वर जातो. माणूस एकदा वाद्य सुरात लावतो आणि वाजवतो. हे दर थोड्या वेळाने आत ढकलतायत! मी म्हटलं, ‘काय भावोजी, फूटपट्टी केलीत की!’ तर हसले. ‘सरकार, म्हातारं वाद्य आहे, सारखं समजवावं लागतं.’ अजून मला सरकारच म्हणतात. मी सतरा वर्षांची होते, तुझं लग्न होऊन महिना झाला होता आणि त्यांनी त्यांचा जुना आल्टो माझ्या हातात दिला, तेव्हापासूनचं ते.

तर ते चार दिवस आधी परत आले म्हणून तुला नवल वाटलं असेल. विशेष काही नाही. शेवटच्या तुकड्यात जरा बाचाबाची झाली, तेवढंच. साठी उलटली, ताई. मान्य करायला जड जातं माणसाला. तू जरा लक्ष ठेव, टीव्ही मोठा लावतात का बघ, हाक मारल्यावर वळतात का बघ. मी काही डॉक्टर नाही, पण मला जे ऐकू आलं ते आलं.

राहिलेलं मीच निस्तरलं. त्यांचे भाग टेनर घेऊन मी वाजवून काढतेय, कसले जमलेत सांगू! कव्हरवरही थोडा बदल आहे, ते नंतर सविस्तर लिहीन.

त्यांना मात्र यातलं काही विचारू नकोस. उगाच विषय नको.

तुझी,
धाकटी


१२ मार्च

ताई,

गुडघ्याची चौकशी आज शेवटी करेन. आधी हे लिहून टाकू दे, नाहीतर मी पुन्हा तुमच्या लाइनबद्दल काहीतरी लिहीन.

लाइन चांगली आहे, ताई. सर्दीही नाही. माझा उजवा कान गेलाय.

पूर्ण नाही गेला. पूर्ण जाता तर बरं होतं, निदान मी गप्प बसले असते. परवा सकाळी कात्रीबाईंनी बोलावलं. मला वाटलं, माझे भाग ऐकवायला बोलावतायत, म्हणून मी चांगला चहा-बिहा पिऊन, नवीन शाल पांघरून गेले. त्यांनी ऐकवलं. पियानोच्या तुकड्यात आल्टो मी आणि टेनरही मी. ऐकताना कुठेतरी खटकत होतं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, ‘बाई, तुमचा स्पीकर बदला.’ नाचता येईना अंगण वाकडं, ते हे. त्या काहीच बोलल्या नाहीत. आणि ती बाई बोलत नाही म्हटल्यावर मला भीती वाटायला हवी होती.

त्यांनी टेबलावर ट्यूनर ठेवला. सूर बरोबर असला की याचा काटा मधोमध थांबतो, चढला की उजवीकडे कलतो. मग पियानोचा एकच सूर लावून ठेवला, लांबच लांब. काटा मध्ये, हलेना. म्हणाल्या, ‘उजवा कान बोटाने बंद करा.’ केला. ‘आता तो उघडा आणि डावा बंद करा.’

ताई, सूर वर सरकला.

मी परत केलं. परत सरकला. डाव्या कानाला एक सूर, उजव्याला त्याहून वरचा, आणि काटा आपला मधोमध ढिम्म. दहा वेळा केलं असेल. शेवटी त्यांनी माझा हात धरून खाली ठेवला, कारण मी कान लाल करून घेतला होता. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते मी आजवर नुसतं बोलायला वापरत होते.

मग त्यांनी आमचे सात तुकडे लावले. आधी नुसत्या माझ्या माइकवरचा आल्टो. सुरुवातीला काटा मध्ये, मग हळूहळू उजवीकडे. मी चढत होते. प्रत्येक तुकड्यात. भावोजी माझ्या उजव्या हाताला उभे असायचे, त्यांचा सूर मला होता त्यापेक्षा वर ऐकू यायचा आणि मी तो गाठायला वर जायचे. मग त्यांचा टेनर एकटा लावला. तोही चढत होता. माझ्यामागून. मी एवढीशी वर गेले की दोन क्षणांनी ते तेवढेच वर. मी अजून वर, ते अजून वर. मग दोन्ही एकत्र लावले, तर कुठेही फट नाही. अंगावर काटा आला, इतकं जुळलेलं होतं.

त्या रेघा, ताई. मी ज्याला फूटपट्टी म्हणून हसले. नुसत्या ओठांनी भागेना तेव्हा ते माउथपीस आत ढकलत होते, माझ्यापर्यंत पोचायला.

कात्रीबाईंना हे दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं. मी भडकले, म्हटलं, ‘मग बोलला का नाहीत? एरवी तर कुणाला सोडत नाही तुम्ही!’ त्या म्हणाल्या, ‘त्यांनी शब्द घेतला होता माझा.’ चहाच्या सुट्टीत मी बाहेर गेले असताना भावोजी त्यांना म्हणाले होते, ‘ती चढतेय ते मला कळतंय. मी जातो तिच्याबरोबर. दोघं मिळून चढलो तर कुणाला कळत नाही. तिला सांगू नका. सांगितलं तर ती वाजवायची थांबेल.’

आता मी पहिल्या पत्रात जे ‘बाचाबाची’ म्हणून उरकलं ते लिहिते. बाचाबाची व्हायला दोघांनी बोलावं लागतं.

आठव्या तुकड्याला पियानो होता. पियानो काही कुणासाठी चढत नाही. दोनदा वाजवलं आणि दोन्ही वेळा पियानोवाला थांबला. तिसऱ्यांदा म्हणाला, ‘माफ करा, पण सॅक्सोफोन वर जातोय.’ कोणाचा ते त्याने सांगितलं नाही, बिचारा नवा होता. खोलीत पियानोवाला, कात्रीबाई, त्यांची मदतनीस, अल्बम काढणाऱ्या कंपनीचे साहेब आणि फोटो काढायला आलेली बाई, असे पाच जण. मला तर माझ्या कानांनी स्वच्छ ऐकू येत होतं की भावोजी चढतायत. मी त्या पाच जणांसमोर म्हणाले, ‘भावोजी, कान गेले तुमचे. आता घरी बसा.’

मला वाटलं आता काहीतरी बोलतील, भांडतील. मी तयारच होते. ते म्हणाले, ‘असेल. वय झालं, सरकार.’ आणि खाली बसून वाद्य पुसायला लागले. माउथपीसवरची रीड काढली, डबीत ठेवली, फडकं आतून फिरवलं, सगळं रोजच्यासारखं. निघताना पियानोवाल्याच्या खांद्यावर थोपटून गेले. त्याच्या! मला वाटतं, तो बिचारा रडकुंडीला आला होता.

आणि मग तुझ्या धाकट्या बहिणीने काय केलं? साहेबांना म्हणाले, शेवटच्यात बेसूर म्हणजे सगळ्यातच असणार, मी त्यांचे सगळे भाग पुन्हा वाजवते. कव्हरवर नाव माझं एकटीचं टाका. ताई, ‘कव्हरवरही थोडा बदल आहे’ असं मी तुला लिहिलं होतं, तो हा बदल.

अजून एक राहिलंय. हे लिहायचं नव्हतं, म्हणून मघाशी पेन ठेवून भांडी घासून आले.

मला माहीत होतं. सगळं नाही, पण होतं. गेल्या वर्षीपासून उजव्या कानात बारीक शिट्टी वाजते. डॉक्टरकडे गेले होते. त्यांनी पूर्ण तपासणी लिहून दिली आणि म्हणाले, उशीर करू नका. मी ती चिठ्ठी टेबलाच्या खणात, रीडच्या जुन्या डब्यांखाली ठेवली. म्हणजे, त्या खोलीत ‘कान गेले’ हे शब्द माझ्या तोंडात इतके तयार कसे होते? ते वर्षभर माझ्याच मनात घोळत होते. मी फक्त ते दुसऱ्याच्या अंगावर टाकले. आणि वर तुला टीव्ही तपासायला सांगितलं. स्वतःच्या हाताने लिहिलं ते, तारीख घालून. मला माझीच भीती वाटतेय.

काल जाऊन तपासणी करून आले. उजवा कान परत येणार नाही म्हणाले. डावा चांगला आहे, जपा म्हणाले.

ताई, हे पत्र तू त्यांना वाचून दाखवशील? मला त्यांच्याशी बोलण्याची हिंमत नाही. तू सांगितलंस तर ते ऐकतील.

गुडघा कसा आहे?

धाकटी


१९ मार्च

ती. भावोजींना,

साष्टांग नमस्कार. एरवी तुम्हाला पत्रात कधी नमस्कार लिहिला नाही, पत्रच कधी लिहिलं नाही. छत्तीस वर्षं शेजारी उभं राहून वाजवणाऱ्या माणसाला काय लिहायचं असतं!

ताईला मी सविस्तर लिहून, तुम्हाला वाचून दाखव म्हणून विनवलं होतं. तिचं उत्तर आलं, अवघं चार ओळींचं. ‘तुझं पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही आणि दाखवणार नाही. पाच जणांसमोर बोललीस तेव्हा माझ्या तोंडून बोलली होतीस का? तूच लिही.’ आणि खाली आणखी एक ओळ. ‘हे आल्या आल्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले, मला कारण न सांगता. दोन्ही कान ठणठणीत आहेत म्हणाले.’

भावोजी, ती ओळ वाचून मी जिन्यातच बसले. शेजारीण वर जाताना विचारत होती, चक्कर आली का.

तुम्हाला माहीत होतं. पहिल्या तुकड्यापासून माहीत होतं की चढतेय ती मी. कात्रीबाईंना तुम्ही स्पष्ट सांगितलं होतं. तरीसुद्धा मी म्हटलं म्हणून तुम्ही जाऊन स्वतःचे कान तपासून आलात? स्वतःच्या कानांपेक्षा माझ्या शब्दावर तुमचा विश्वास? मी आठवडाभर स्वतःला काय काय म्हणून घेतलं होतं, मला वाटलं होतं आता यापेक्षा वाईट काही ऐकायचं उरलं नाही. उरलं होतं.

माफी मागते. कशाची ते नीट सांगून मागते, म्हणजे तुम्ही ‘अहो सरकार, त्यात काय’ म्हणून उडवून लावायचं नाही. कान माझा खराब आहे आणि मी तुमचा खराब आहे म्हणाले. ते पाच जणांसमोर म्हणाले. तुमचं नाव कव्हरवरून काढायला सांगितलं. आणि माझ्या कानात काहीतरी बिघडलंय हे मला वर्षभरापासून ठाऊक होतं, ते मी तुमच्यापासून लपवलं. या चारही गोष्टींची माफी.

तुमच्यावर मी रागावलेही आहे, तेही लिहिते. तुम्ही मला सांगायला हवं होतं. मी थांबले असते म्हणता. थांबले असते, चार दिवस आदळआपट केली असती, तुमच्या घरी येऊन ताईच्या स्वयंपाकघरात रडले असते. मग दुसऱ्या बाजूला उभी राहून वाजवायला शिकले असते. तुम्ही मला तेवढं तरी ओळखायला हवं होतं. मला हे सगळं एका परक्या बाईकडून, टेबलावरच्या काट्याकडे बघत कळायला नको होतं. मायेनेच केलंत, मला कळतं. पण माया करताना एकदा विचारायचं तरी.

आता कामाचं. त्या दिवशी खोलीत जे पाच जण होते, त्या सगळ्यांना मी एकेक करून भेटून सांगितलं, काय झालं आणि कोणामुळे झालं. फोनवर नाही, समोर जाऊन. फोटोवाल्या बाई दुसऱ्या गावी गेल्या होत्या, तिथे गेले. पियानोवाला म्हणाला, ‘मला तेव्हाच कळलं होतं, पण माझी काय बिशाद!’ मी म्हटलं, यापुढे बिशाद ठेव. मी वाजवलेले तुमचे सगळे भाग कात्रीबाईंनी माझ्यासमोर पुसून टाकले. मीच बटण दाबायला मागितलं, त्यांनी दिलं नाही. म्हणाल्या, ‘तुमचा भरवसा नाही, भलतंच काही पुसाल.’

सात तुकडे आपण वाजवले तसेच जाणार. चढलेले, पण दोघांचे. कव्हरवर नावं दोन, तुमचं आधी.

राहिला आठवा. साहेबांनी पंचवीस तारखेपर्यंत थांबायचं कबूल केलंय. तो तुम्ही एकट्याने वाजवायचा. पियानो आणि तुम्ही. नाही म्हणू नका, आल्टोचे सूर मी टेनरसाठी कागदावर उतरवून ठेवलेत, सोबत पाठवतेय. मी खोलीत असेन, पडद्याजवळच्या खुर्चीत, उजव्या कानात बोळा घालून. वाद्य आणणार नाही. अल्बमवर तुमचा तो एक तुकडा असा असू दे, ज्यात तुम्हाला कुणाच्या मागे जावं लागलं नाही.

त्यानंतर पुढे कधी आपण एकत्र वाजवलं, तुम्ही वाजवाल तर, मी तुम्हाला डाव्या हाताला घेईन. आणि तरीही मी चढले तर माझ्यामागे येऊ नका. वाजवायचं थांबवा आणि म्हणा, चढलीस, उतर. खोलीत पाच जण असोत नाहीतर पाचशे, मोठ्याने म्हणा.

येताय ना, तेवढं कळवा. फोनच करा. मी डाव्या कानाने उचलेन.

तुम्ही शिकवलेली, तुमच्यावरच उलटलेली, तुमची वाट बघणारी,
धाकटी